वारा मोजणारा प्रकाश

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत आरमोरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत धम्मावर, संविधानावर आणि शिक्षणावर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा संयोजकांनी विज्ञानाचा एखादा विषय मांडा असा आग्रह धरला. मी जो विषय निवडला तो ऐकून काही जण विचारात पडले असतील. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाऱ्याचा वेग वेगवेगळ्या उंचीवर किती असतो, हे लेसरच्या प्रकाशाने दुरूनच कसे मोजतात, हा तो विषय. आरमोरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरहून दूर आहे. आपल्याकडे वैनगंगा आहे, धानाच्या बांध्या आहेत, सागवान, ऐन आणि मोहाचे जंगल आहे. समुद्रावरच्या वाऱ्याशी आपले काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नाही. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

समुद्राशी आपले नाते

पहिले नाते पावसाचे. आपला धान ज्या पावसावर पिकतो, तो पाऊस समुद्रावरून वारा आणतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून भारताकडे सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक वेगवान झोत वाहतो. भारतीय द्वीपकल्पावरील हा झोत पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या आपल्याच हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये जगापुढे मांडला. बंगालच्या उपसागराकडून येणारी कमी दाबाची क्षेत्रेही ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, गोसीखुर्द धरणातून पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची गावे पाण्याखाली गेली. ते दिवस इथे बसलेल्यांपैकी कोणी विसरलेले नाही. समुद्रावरचा वारा जितका नेमका मोजला जाईल, तितका पावसाचा अंदाज सुधारेल. हे नाते पोटाचे आणि जिवाचे आहे.

दुसरे नाते विजेचे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या केंद्रात जळणारा कोळसा आपल्या भूमीतून निघतो आणि त्याची राख व धूर आपल्या लोकांच्या वाट्याला येतो. वीज मात्र दूरदूरच्या शहरांत जाते. समुद्रावरच्या वाऱ्यापासून वीज करता आली, तर कोळशावरचा भार काही प्रमाणात हलका होऊ शकेल. पण वारा किती आहे हे ठाऊक नसताना कोणी पवनचक्की उभारणार नाही.

तिसरे नाते मनाचे. कोकण आपल्याला परके नाही. महाडचे चवदार तळे कोकणात आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगडबरोबरच मंडणगड आणि दापोली तालुक्यांतही घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. हीच भूमी वाऱ्याच्या तोंडावर उभी आहे.

वारा सर्व उंचीवर सारखा नसतो

खळ्यावर धान उफणताना आपले आईवडील तिवईवर का उभे राहतात? सूप उंच धरले की धान खाली पडायला थोडा अधिक वेळ मिळतो, हे एक कारण. दुसरे कारण असे, की वर वारा अधिक असतो. जमिनीलगतचा वारा माती, बांध, झुडपे आणि घरे यांना घासत जातो व मंदावतो. जसजसे वर जावे तसतसा त्याचा वेग वाढतो. आपल्या ढिवर बांधवांना पाण्याच्या बाबतीत हेच ठाऊक असते. वैनगंगेच्या काठालगत आणि तळाशी पाणी संथ असते, मध्यप्रवाहात ते ओढ घेते. जंगलातही पाहा. खाली पाचोळा हलत नाही आणि वर सागाचे शेंडे डोलत असतात.

उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग आणि दिशा कशी बदलते, याचा जो आलेख काढतात त्याला वाऱ्याचा उभा आलेख म्हणू. जंगलावर हा आलेख एक प्रकारचा असतो, सपाट शेतावर दुसऱ्या प्रकारचा, समुद्रावर तिसऱ्या प्रकारचा. समुद्राचा पृष्ठभाग जमिनीच्या मानाने गुळगुळीत असल्यामुळे तिथे खालच्या थरातही वारा जोरात वाहतो. किनाऱ्यावर तर दोन्हींची गाठ पडते. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा जातो. पण पुस्तकातल्या चित्रात एक गोष्ट दाखवलेली नसते. खाली खारा वारा पूर्वेकडे जात असताना काहीशे मीटर वर वाऱ्याची दिशा अगदी निराळी असू शकते. किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या चेहऱ्याला जो वारा लागतो, तो त्या संपूर्ण थराचा एक लहानसा भाग आहे.

हा भेद इतका महत्त्वाचा का? वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. विद्यार्थी मित्रांनी वहीत करून पाहावे. एका ठिकाणी वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साडेसात मीटर. फरक दीड मीटरचा, म्हणजे चौथाईचा. पण साडेसातला सहाने भागा आणि येणाऱ्या सव्वाचा घन करा. उत्तर सुमारे १.९५ येते. वेग चौथाईने वाढला आणि शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. याचाच अर्थ, वेग मोजताना दहा टक्क्यांची चूक झाली तर शक्तीच्या हिशोबात तेहेतीस टक्क्यांची चूक होते. हजारो कोटी रुपयांचे काम अशा चुकीच्या पायावर उभे राहिले, तर बुडणारा पैसा शेवटी जनतेचाच असतो.

वाट्यांचे यंत्र आणि त्याची मर्यादा

वारा मोजण्याचे काम नवे नाही. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तिथे चुंबकत्वाची व हवामानाची नियमित निरीक्षणे होऊ लागली. मराठीत गणित आणि पदार्थविज्ञान आणणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. १८४६ मध्ये आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी चार वाट्यांचे पवनमापक यंत्र केले. वाऱ्याने वाट्या फिरतात, फेऱ्या मोजायच्या आणि वेग काढायचा. आजही हवामान केंद्राच्या छतावर तुम्हाला अशा वाट्या दिसतील. आता त्या बहुधा तीन असतात, एवढाच फरक.

हे यंत्र चांगले आहे, विश्वासाचे आहे. अडचण एकच. ते ज्या ठिकाणी बसवले, तेवढ्याच ठिकाणचा वारा मोजते. शंभर मीटरवरचा वारा हवा असेल तर शंभर मीटरचा मनोरा उभारावा लागतो. १९८६ मध्ये भारतात कोकणात, गुजरातेत आणि तामिळनाडूत किनाऱ्यावर पहिल्या पवनचक्क्या आल्या तेव्हा एकेक यंत्र ५५ किलोवॅटचे होते. आज भरसमुद्रात बसवण्यासाठी १५ मेगावॅटचे यंत्र तयार होते, म्हणजे त्या काळच्या अडीचशेहून अधिक यंत्रांच्या बरोबरीचे. त्याच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास २३६ मीटर असतो. पाते खाली असताना ते एका वाऱ्यात असते आणि वर गेल्यावर दुसऱ्या वाऱ्यात. एवढ्या उंचीचा मनोरा समुद्राच्या तळात पाय रोवून उभारायचा, लाटा आणि वादळे सोसत तो टिकवायचा, हे काम अतिशय खर्चाचे आहे. इथेच लेसर मदतीला येतो.

प्रकाशाला वारा कसा दिसतो

वारा डोळ्यांना दिसत नाही. पण धान उफणताना फोल ज्या दिशेने उडते, त्यावरून वारा कुठून येतो आणि किती जोरात येतो, हे लहान मूलही सांगते. आपण वारा पाहत नाही, वाऱ्याने वाहून नेलेले फोल पाहतो. लेसरचे यंत्र हेच करते. हवा कितीही स्वच्छ वाटली तरी तिच्यात धुळीचे, धुराचे आणि समुद्रावर मिठाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते वाऱ्याच्या वेगानेच वाहतात. यंत्र आकाशाकडे लेसर किरणाचा एक छोटा झोत सोडते. त्यातला अगदी अल्पसा प्रकाश या कणांवर आपटून यंत्राकडे परत येतो. या यंत्राला लायडार म्हणतात. रडार जे काम रेडिओ लहरींनी करते, ते लायडार प्रकाशाने करते.

परत आलेल्या प्रकाशाकडून दोन गोष्टी कळतात. पहिली, तो किती उंचीवरून आला. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. शंभर मीटर वर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही दोन तृतीयांश एवढाच काळ लागतो. यंत्रातील घड्याळ तेवढा काळ मोजू शकते. जो प्रकाश लवकर परतला तो खालच्या थरातून आला, जो उशिरा परतला तो वरच्या थरातून आला. अशा रीतीने एकाच किरणातून चाळीस मीटर, साठ मीटर, शंभर मीटर, दोनशे मीटर अशा अनेक थरांची माहिती एकाच वेळी मिळते.

दुसरी गोष्ट वेगाची. वडसा स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी ऐका. गाडी जवळ येत असताना शिटीचा सूर चढा वाटतो आणि गाडी पुढे निघून गेली की तो एकदम उतरतो. हा डॉपलर परिणाम. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये तो मांडला. १८४५ मध्ये हॉलंडात बाईस बॅलट यांनी चालत्या रेल्वेवर तुतारी वाजवणारे वादक बसवून तो पडताळून पाहिला. आवाजाचे जे होते तेच प्रकाशाचे होते. धूलिकण यंत्राकडे येत असेल तर परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर किंचित घटते.

किंचित म्हणजे किती? अशा यंत्रात बहुधा दीड मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त लेसर वापरतात. त्याचा प्रकाश सेकंदाला सुमारे १९४ लाख कोटी वेळा कंप पावतो. कण सेकंदाला एक मीटर वेगाने यंत्राकडे आला तर त्या कंपनांत भर पडते सुमारे तेरा लाखांची. पंधरा कोटींत एक, एवढा हा फरक. तो ओळखायचा कसा? भीमगीतांच्या कार्यक्रमात पेटीच्या दोन पट्ट्या अगदी जवळजवळच्या सुरात बोलल्या, तर एक थरथर ऐकू येते. दोन सुरांतला फरक जितका, तितकी ती थरथर वेगवान. यंत्रात मूळ लेसरचा थोडा प्रकाश राखून ठेवतात आणि परतलेला प्रकाश त्यात मिसळतात. दोहोंच्या मिश्रणातून जी थरथर उमटते, ती मोजली की कणाचा वेग मिळतो, आणि कणाचा वेग तोच वाऱ्याचा वेग.

आता एक शंका उरते. किरण सरळ वर सोडला तर त्याला फक्त वर-खाली जाणारी हवा कळेल. आपल्याला तर आडवा वारा हवा. म्हणून किरण थोडा तिरपा करून चार दिशांना आळीपाळीने सोडतात, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. समजा, वारा पश्चिमेकडून येतो आहे. पश्चिमेकडे कललेल्या किरणाला तो जवळ येताना दिसेल आणि पूर्वेकडे कललेल्याला दूर जाताना. दोन्हींच्या फरकातून पूर्व-पश्चिम दिशेतला वेग निघतो. उत्तर-दक्षिणेचे तसेच. अकरावीच्या विद्यार्थ्याला सदिशांची बेरीज येते, त्यापलीकडचे गणित यात नाही. काही सेकंदांत चारही दिशा होतात आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हे सगळे सामान घरातल्या लोखंडी ट्रंकेएवढ्या पेटीत मावते. दीड मायक्रॉनचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, म्हणून योग्य मर्यादेत तो इतर लेसरांच्या मानाने डोळ्यांना सुरक्षित असतो. हीच तरंगलांबी टेलिफोनच्या काचतंतूंसाठी वापरात असल्याने तिचे सुटे भागही सहज मिळू लागले.

पुण्यापासून खंभातपर्यंत

लेसरने हवा तपासण्याचे काम महाराष्ट्रात जुने आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. तिथे डॉ. पी. सी. एस. देवरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच आर्गॉन लेसरच्या साहाय्याने हवेतील सूक्ष्मकणांची मोजणी सुरू केली. ती वाऱ्याची मोजणी नव्हती, धुळीची होती. पण ज्या धुळीच्या आधारे वारा मोजायचा तिचा अभ्यास आपल्या राज्यात तेव्हापासून झालेला आहे.

भरसमुद्रातील वाऱ्याकडे भारत सरकारने २०१५ मध्ये लक्ष दिले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये समुद्रातील पवन ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे मोजमापाचे काम आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातेत पिपावाव बंदराजवळ, किनाऱ्यापासून सुमारे तेवीस किलोमीटर आत, खंभातच्या आखातात एका खांबावर मंच उभारून त्यावर लायडार बसवण्यात आला.  पहिल्या वर्षाच्या मोजणीत सुमारे शंभर मीटर उंचीवर वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास निघाला, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर. मघाशी आपण ज्या आकड्याचा घन केला, तो हाच. त्या आकड्यामागे एक वर्षभर दिवसरात्र, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात परतलेल्या प्रकाशाचा हिशोब आहे. संस्थेने हे अहवाल प्रसिद्ध केले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. कोणीही ते वाचावे आणि तपासावे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. मंजुरीपासून प्रत्यक्ष विजेपर्यंतचा रस्ता लांब असतो. पण त्या रस्त्यावरचे पहिले पाऊल मोजमापाचे होते.

यंत्र पृथ्वीवरच असले पाहिजे असेही नाही. युरोपच्या अवकाश संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये एओलस नावाचा उपग्रह सोडला. त्यावर वारा मोजणारा लेसर होता, अवकाशातला असा पहिलाच. जानेवारी २०२० पासून युरोपातील मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या केंद्राने त्याची निरीक्षणे आपल्या रोजच्या अंदाजात वापरली. जुलै २०२३ मध्ये त्याचे आयुष्य संपले. जिथे ना मनोरा आहे ना माणूस, अशा महासागरांवरचा वारा त्याने मोजला.

यंत्रावरही आंधळा विश्वास नको

इथे मी थोडा थांबतो, कारण या सभागृहात हा मुद्दा सांगणे मला सर्वांत सोपे आहे. लेसर आहे, परदेशी यंत्र आहे, संगणक आहे, म्हणून आकडा खरा, असे शास्त्रज्ञ मानत नाहीत. लायडार समुद्रात नेण्यापूर्वी तो जमिनीवर वाट्यांच्या मनोऱ्याशेजारी ठेवतात. एकाच वाऱ्याचे दोन्ही यंत्रांनी दिलेले आकडे काही आठवडे शेजारीशेजारी मांडतात. ते जुळले तरच यंत्र पुढे जाते. जुने साधे यंत्र नव्या यंत्राची परीक्षा घेते.

त्या यंत्राच्या मर्यादाही असतात. दाट धुके आले किंवा ढग खाली उतरले की किरण पुढे जात नाही. जोराचा पाऊस असला तर पडणारे थेंब वेगाचा हिशोब बिघडवतात. उलट हवा फारच स्वच्छ असली तर प्रकाश परतवायला कणच अपुरे पडतात. डोंगराळ भागात चारही किरणांना एकच वारा भेटतो, हे गृहीतच चुकते. तरंगत्या तराफ्यावर यंत्र ठेवले तर लाटेबरोबर ते हेलकावते आणि त्या हेलकाव्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. चांगला संशोधक या मर्यादा लपवत नाही. जेव्हा यंत्राला काही दिसले नाही, तेव्हा तो तक्त्यातली ती जागा कोरी ठेवतो. अंदाजाने भरत नाही.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना जो उपदेश केला, तो आपण दरवर्षी ऐकतो. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. धम्माला एहिपस्सिको म्हणतात, या आणि पाहा. विज्ञानाच्या प्रत्येक शोधाला बुद्धवचनात ओढून बसवण्याचा मोह मात्र मला नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी लेसर नव्हता आणि असण्याची गरजही नव्हती. पण पारखून घेण्याची जी वृत्ती बुद्धांनी शिकवली, तिच्याशी मनोऱ्याशेजारी यंत्र ठेवून ताडून पाहण्याची वृत्ती जुळते. ज्या समाजाने दोन हजार वर्षे न मोजलेल्या, न तपासलेल्या गोष्टी खऱ्या मानण्याची किंमत मोजली, त्या समाजाला मोजमापाची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

बाबासाहेब आणि विजेचा प्रश्न

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे यांचा कारभार त्याच खात्याकडे होता, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, ती कोणाच्या मालकीची असावी याचा निर्णय याच कसोटीवर व्हावा, अशी भूमिका मांडली. या देशाची गरिबी केवळ शेतीवर हटणार नाही, त्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगासाठी वीज हवी, असा त्यांचा विचार होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच काळात. देशभरातील विजेची नीट मोजदाद करणारी तज्ज्ञ यंत्रणा असावी, हा त्यामागचा हेतू होता. आधी मोजा, मग आखा, मग उभारा, ही त्यांची पद्धत होती.

त्या दृष्टीने समुद्रावरच्या वाऱ्याकडे पाहिले की काही प्रश्न उभे राहतात. वीज झाली तर ती कोणाला मिळेल? पवनचक्क्यांसाठी जो समुद्र राखून ठेवला जाईल, तिथे मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांना कोण विचारेल? वारा मोजणाऱ्या यंत्राकडे याची उत्तरे नाहीत. ती लोकशाहीने द्यायची आहेत. आपण जंगलपट्टीतली माणसे आहोत. आपल्या भागात धरण, खाण आणि कारखाना येतो तेव्हा आकडे दुसरेच कोणी आणतात आणि आपण फक्त ऐकतो. ज्याच्या हाती मोजणी असते, त्याचा शब्द बैठकीत चालतो. म्हणून मोजणारी माणसे आपल्यातूनही निघाली पाहिजेत.

विद्यार्थ्यांशी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, यंत्राला जात कळत नाही. परतलेला किरण कोणाच्या हातातल्या यंत्रात शिरला, याने वाऱ्याचा वेग बदलत नाही. पण यंत्रापर्यंत कोण पोचतो, हे ठरताना मात्र जात, गाव, भाषा आणि पैसा हे सगळे आडवे येतात. ती वाट मोकळी करणे हे संस्थेचे काम, आणि त्या वाटेवर चालणे तुमचे.

ती वाट आहे कशी? बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. आपल्या मुली हुशार असूनही 'पुढे कुठे जाणार' या एका वाक्यापायी विज्ञान शाखा सोडतात. पालकांनी ते वाक्य बोलणे थांबवावे. पदवीसाठी आता दूर जावे लागत नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. भौतिकशास्त्र घेऊन पदवी झाली की पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. पवन ऊर्जा संस्था चेन्नईत आहे. संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना आहेत. गोंड, माडिया आणि परधान घरातली मुलेमुलीही इथे बसली आहेत, त्यांनी त्या समाजकल्याण आणि आदिवासी विकास कार्यालयांतून विचारून घ्याव्यात. अर्जाची मुदत जाण्यापूर्वी चौकशी करावी, मागून नव्हे.

आणि आजच करता येईल असे एक काम सांगतो. प्लास्टिकच्या चार वाट्या, दोन काड्या आणि सायकलच्या चाकाचा एक जुना आस घेऊन रॉबिन्सनचे यंत्र घरी करता येते. एक यंत्र अंगणात ठेवा आणि तसेच दुसरे शाळेच्या छतावर. शिक्षकांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखत चढा. रोज एकाच वेळी एका मिनिटातल्या फेऱ्या मोजा आणि महिनाभर वहीत लिहा. ज्या दिवशी मोजले नाही, त्या दिवसाची जागा कोरी सोडा. महिन्याच्या शेवटी दोन्ही रकाने शेजारीशेजारी मांडा. वर वारा अधिक असतो हे मी आज तुम्हाला सांगितले. मी सांगितले म्हणून ते मानू नका. तुमची वही काय सांगते ते पाहा.

या वह्या पुढच्या वर्षावासात इथे मांडल्या जाव्यात, अशी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांनी केलेली मोजणी इथे वाचून दाखवली जाईल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ती आजच्याइतक्याच शांतपणे ऐकावी आणि तिच्यावर प्रश्न विचारावेत. प्रश्नांना उत्तरे देण्याची सवय याच वयात लागते.



नमो बुद्धाय. जयभीम.